सरावलीच्या चाळीत फिरलेलं ताट

प्रचारफेरीत घरोघरी बायका उमेदवाराला ओवाळतात, हे तुम्ही फोटोत पाहिलं असेल. सगळ्या फोटोंत ताट एकच असतं, हे बहुतेक पाहिलं नसेल. ते ताट पक्षाचं असतं. उमेदवार पुढच्या गल्लीतून दारोदार हात जोडत येतो आणि ताट मागच्या बाजूने, गटाराच्या कडेकडेने, त्याच्या पुढे धावतं. एका दारात ओवाळून झालं की बाईच्या हातातून ताट काढून घ्यायचं, दोन घरं सोडून मागच्या दाराने आत शिरायचं, निरांजन विझलं असेल तर लायटरने लावायचं आणि म्हणायचं, ‘ताई, साहेब येतायत, जरा ओवाळा ना.’ पदराला हात पुसत बाई ताट घेतेच. दारात आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडच्या बायकांना जमत नाही. हे आमच्या पक्षाला माहीत आहे आणि समोरच्यांनाही.

सरावलीत त्या संध्याकाळी ताट माझ्याकडे होतं. आमच्या तालुकाध्यक्षांनी ते मला मुद्दाम दिलं होतं. एक तर तिथल्या चाळींत लोक मला ओळखत होते, मला दार उघडत होते. आणि दुसरं, हातात ताट असलं की माणूस भाषण करत नाही.

मी भाषण करेन अशी त्यांना भीती होती, कारण त्यांच्या आताच्या उमेदवारावर सगळ्यात जहरी पत्रक मीच लिहिलं होतं.

माझं घर केळव्याकडे, वडिलांची चिकूची आणि थोडी पानवेलीची वाडी. पालघरला कॉलेजात असताना मी पक्षाच्या युवा शाखेत गेले आणि पत्रकं लिहायला लागले. एका जुन्या कार्यकर्त्याने शिकवलं. वाक्य एका श्वासात संपलं पाहिजे. मागणी एकच पाहिजे. आणि शिवी द्यायची तर अशी, की वाचणाऱ्याला वाटावं ती आपणच दिली. मला ते लगेच जमलं. मला राग फार येतो आणि तो छोट्या वाक्यांत येतो.

बोईसरच्या एका खाजगी हॉस्पिटलमध्ये सरकारी विम्याच्या कार्डावर डायलिसिस व्हायचं. मग ते बंद झालं. हॉस्पिटल म्हणालं, सरकारकडून पैसे वेळेवर येत नाहीत, आम्ही कुठवर घालणार. आमदार म्हणाले, आधीच्या सरकारने घाण करून ठेवली. आधीच्या सरकारात आमचा पक्ष होता, म्हणून आम्ही म्हणालो, आमच्या वेळी सगळं सुरळीत होतं, ह्यांनी वाट लावली. दोन्हीकडचे लोक टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून गेले. मशीन मात्र आत तशीच होती, चादर घालून ठेवलेली. आणि सरावली, कोळगाव, मनोर, सगळीकडचे पेशंट विरारच्या पुढे जाऊन तास न् तास मशीनवर झोपून, परत येताना भिंतीला धरून उभे राहत होते. सरकारी दवाखान्यात नाव लावलेलं असायचं, नंबर यायचा बाकी असायचा.

मी लिहिलं, ‘कार्ड आहे, खाट नाही. आमदार आहे, तोंड नाही.’

ते पत्रक रिक्षांच्या काचांवर लागलं. सरावलीत लोकांनी दारामागे चिकटवलं, देवाच्या कॅलेंडरशेजारी. मला फार बरं वाटलं होतं. लोक चिडले होते ते कार्डामुळे. पण मला वाटायचं, माझ्यामुळे चिडलेत.

त्या पत्रकासाठी फिरताना माझं एका घरात जाणं-येणं झालं होतं. नवरा-बायको मनोरच्या आतल्या डोंगरातल्या गावचे. तिकडे त्यांचा पावसावरचा भाताचा तुकडा आहे, बाकी पोट इथे. काका रंगाच्या कंपनीत ठेकेदाराकडे होते, किडन्या गेल्यापासून घरी. मावशी दोन कंपन्यांत लादी पुसायला जायची. काकांना आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. एखादी पाळी चुकली की पाय सुजायचे, दम लागायचा, आडवं होता यायचं नाही, मग ते उशीला टेकून बसून राहायचे आणि मावशी त्यांच्याकडे बघत बसायची. हॉस्पिटल त्यांच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकं जवळ होतं. रोज कामाला जाताना ती त्याच्या फाटकावरून जायची.

‘बाय,’ ती मला म्हणाली होती, ‘तुमचं लिवलेलं बरोबर हाय. पन चालू कोन करील?’

‘आमचा माणूस निवडून आला की पहिलं काम हेच.’

‘कोन तुमचा मानूस?’

‘तिकीट जाहीर होऊ दे, मावशी. सांगते.’

तिकीट जाहीर झालं. त्याआधी युती जाहीर झाली. आमचा पक्ष आणि आमदारांचा पक्ष एकत्र आले, जागा त्यांच्या वाट्याला गेली आणि ज्याला तोंड नाही असं मी छापलं होतं तोच आमचा उमेदवार झाला. ग्रुपवर निरोप आला: जुनी पत्रकं वाटू नयेत, वाटली असतील तर विषय काढू नये. मी अध्यक्षांकडे गेले.

‘ह्यांना तोंड नव्हतं ना?’

‘आता आलं.’

‘कुठून आलं?’

‘तूच आणलंस असं समज. तुझं पत्रक वाचून आलं.’ ते हसले. मग गंभीर झाले. ‘हे बघ, सरावलीत बेडशीटवर लिहून लावलंय. विमा नाय तर मत नाय, कोणत्याही पक्षाने येऊ नये. हे तू पेरलंयस. आता तूच उपट.’

मी राजीनामा द्यायला हवा होता असं तुम्ही म्हणाल. मीही तेव्हा तेच म्हणत घरी आले. मग अध्यक्षांचा फोन आला. साहेब सरावलीत त्या डायलिसिसवाल्याच्या दारात थांबतील, तिथूनच, सगळ्यांसमोर, हॉस्पिटलला फोन लावतील. व्हिडिओ होईल. फक्त दार उघडं पाहिजे आणि बाईने नीट ओवाळलं पाहिजे. ‘तुला त्या माणसाचं डायलिसिस पाहिजे की तुझं पत्रक खरं व्हायला पाहिजे?’ त्यांनी विचारलं. मला उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही.

आम्ही गेलो तेव्हा बेडशीट नव्हतं. आमच्या पोरांनी दुपारीच काढून घडी करून टेम्पोत ठेवलं होतं. निळ्या फुलांचं होतं, कोणाच्या तरी अंथरुणावरचं. कंपन्यांचा वास सुटला होता, दुसरी पाळी आत गेली होती, गळ्यात गेटपास लटकवलेली माणसं पिंपांच्या रांगेपाशी उभी होती. आमचा पोरगा माईकवर घोषणा अर्धी सोडायचा, पुढची अर्धी लोकांनी म्हणायची. ती येतच नव्हती. मग तोच पूर्ण करायचा.

मी मागच्या गल्लीतून पळत होते. एका दारात मावशीचा बिहारकडचा शेजारी वाटाणे सोलत बसला होता. माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं.

‘दीदी, आप तो बोली थीं, इनका मुँह नहीं है।’

‘हां भैया, चलता है।’

‘आज तो बहुत बोल रहे हैं।’ त्याने एक शेंग फोडली. ‘सुना है, आप लोगों की शादी हो गयी। हमको न्योता नहीं आया।’

त्याची बायको आतून खुदकन हसली. निरांजन विझलं होतं. लायटर तीनदा टचटचला तेव्हा लागलं. शेजारी माझ्याकडे बघत राहिला, शांतपणे, राग नव्हता. राग असता तर मला बोलता आलं असतं.

मावशीच्या दारात काका प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. स्वच्छ शर्ट घातला होता, डावी बाही दुमडलेली. त्या हातावर सुया टोचून टोचून शीर दोरखंडासारखी वर आली होती. पाय सुजलेले दिसत होते. आदल्या वेळी विरारला जायला जमलं नव्हतं म्हणे. दारामागे माझं पत्रक नव्हतं. तिथे चिकटपट्टीचे चार तुकडे होते.

‘मावशी, साहेब येतायत. ओवाळाल ना?’

‘कशाला?’

‘ते फोन करणार आहेत. हॉस्पिटलला. इथूनच.’

‘फोन करायला ओवाळाया लागते? बोटं नाय त्यांना?’

‘मावशी, प्लीज.’ हा शब्द मी बोलले. इतके दिवस मी लोकांना सांगत फिरत होते, तुमचा हक्क आहे, मागून घ्या, प्लीज म्हणू नका.

 तिने नवऱ्याच्या पायांकडे बघितलं. पदर डोक्यावरून घेतला आणि ताट हातात घेतलं.

आमदार आले. पांढरे कपडे, गळ्यात दोन पक्षांचे दोन गमछे. मोबाईल धरलेली दोन पोरं खुर्चीच्या दोन बाजूंनी बसली. आमदारांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला, हात जोडले, डोळे मिटून मान पुढे केली. हे त्यांना छान जमतं, किती वाकलं की कुंकू नीट लागतं हे त्यांना माहीत आहे.

मावशी वळली आणि तिने मला ओवाळलं.

आधी कोणाला कळलंच नाही. मी दाराच्या आत, तिच्या मागे उभी होते. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता डोक्यावर टाकल्या, ताट फिरवलं. हळू, नीट, लग्नघरात ओवाळतात तसं. आमदार डोळे मिटून वाकलेलेच होते.

‘मत आमी हिच्या तोंडाकडं बगून देनार व्हतो,’ ती म्हणाली, चाळीला ऐकू जाईल अशी. ‘मंग हिलाच ओवाळलेली बरी.’

सगळी चाळ हसली. त्या संध्याकाळी लोकांनी पहिल्यांदा आवाज केला तो हा. मागून कोणीतरी माझं वाक्य ओरडलं, ‘आमदार आहे, तोंड नाही’, आणि पुन्हा हसू. माझे कान तापले. मला वाटलं ताट घ्यावं आणि गटाराच्या कडेने पळत सुटावं, पण ताट तिच्या हातात होतं आणि दारात आमदार.

आमदार कच्चे नाहीत. त्यांनी डोळे उघडले, सगळं समजलं आणि सगळ्यांत मोठ्याने तेच हसले. ‘बरोबर बोलल्या ताई. पोरगी आमचीच आहे. आमचे कान धरते म्हणून तर आम्ही सरळ चालतो.’ असं म्हणून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, अक्षतांवरून. मोबाईलवाली दोन्ही पोरं माझ्याकडे वळली.

तो हात मी काढला नाही. हात काढला असता तर फोन झाला नसता, असं मी स्वतःला नंतर सांगितलं. तेव्हा काही सांगितलं नाही. तेव्हा मी हसत होते. व्हिडिओत स्पष्ट दिसतं, दात दिसतायत.

फोन झाला. स्पीकरवर. ‘हां डॉक्टर, उद्या सरावलीचा एक पेशंट येतोय. आमचा आहे. बघून घ्या.’ पलीकडून आवाज आला, ‘हो साहेब, पाठवा.’ एवढंच. ज्या फोनसाठी लोकांनी अंथरुणावरची चादर दारात टांगली होती तो एवढासा होता. टाळ्या पडल्या. काकांनी दोन्ही हात जोडले. फेरी पुढे गेली.

मी ताट परत घेताना मावशी हळू आवाजात बोलली.

‘राग नको धरू, बाय.’

‘नाही मावशी. बरोबर केलंत.’

‘बरोबर काय केला. त्येला बोलायचा व्हता. त्येला बोलले असते तर फोन केला असता काय त्येनं?’ तिने निरांजन फुंकलं. ‘तुला बोलले तर तू काय करशील? कायच नाय.’

मी ताट घेऊन पुढच्या दारी गेले. खरंच गेले. अजून अर्धी चाळ बाकी होती.

घरी पोचेपर्यंत व्हिडिओ सगळीकडे गेला होता. खाली लिहिलं होतं, जनतेचा कौल, लेकीचा आशीर्वाद. मागे सनई. वडिलांनी वाडीतून आल्या आल्या पाहिला होता.  जेवताना एवढंच म्हणाले, ‘कपाळ धू.’

दुसऱ्या दिवशी मी काका-मावशीबरोबर हॉस्पिटलला गेले. बोलावलं नव्हतं. पण मला भीती होती की फोन नुसता व्हिडिओसाठी झाला असेल आणि काका तिथून परत येतील. ते परत आले असते तर मला पत्रक लिहिता आलं असतं, हेही डोक्यात येऊन गेलं. आलं, नाकारत नाही.

काउंटरवर गर्दी होती. मावशीने कार्ड पुढे केलं. काउंटरवरच्या मुलीने वर न बघता सांगितलं, ‘ह्या कार्डवर डायलिसिस बंद आहे. बोर्ड लावलाय.’

‘काल फोन आला होता,’ मी म्हटलं.

‘कोणाकडून?’

मागे रांग होती. व्हीलचेअरवरची एक म्हातारी, तिच्यामागे तिचा मुलगा, आणखी लोक. बऱ्याच जणांच्या हातात तसंच कार्ड होतं.

‘आमदार साहेबांकडून,’ मी हळू म्हटलं.

‘मोठ्याने बोला, ऐकू येत नाही.’

‘आमदार साहेबांकडून. त्यांचा पेशंट आहे.’

‘मग आधी सांगायचं ना,’ ती म्हणाली, अगदी चांगुलपणाने. कार्ड घेतलं, कॉम्प्युटरवर काहीतरी टाईप केलं, ते लगेच चाललं. वॉर्डबॉय खुर्ची घेऊन आला. आत एका मशीनवरची चादर काढलेली मी दारातून पाहिली. काका पलंगावर झोपले, नर्सने हात धरला, नळ्यांत लाल रक्त चढायला लागलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, सुटल्यासारखं आणि जमिनीत जावंसं.

विमा बंद नव्हताच, नाव सांगणाऱ्याला चालू होता. हे मला आमच्या लोकांनी कधी सांगितलं नव्हतं, त्यांच्या लोकांनीही नाही. टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावणाऱ्या दोन्ही बाजूंना हे माहीत असणार. आमचं सरकार असताना आमच्या नावावर चालत असणार, इतकंच.

मावशी बाहेरच्या बाकावर बसली होती. त्या दिवशी तिने कामाला सुट्टी टाकली होती. मला वाटलं, ती आता आभार मानेल, आणि ते मला सहन होणार नाही. तिने मानले नाहीत.

‘पुढल्या पाळीला पन येशील ना?’ तिने विचारलं.

‘आता ओळख झाली मावशी. तुम्ही नुसतं नाव सांगा, घेतील.’

‘मला नाय जमायचा त्येचा नाव घ्यायला. तूच घे.’

मी हो म्हटलं.

तेवढ्यात रांगेतला तो मुलगा माझ्याजवळ आला. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातला, उन्हाने काळा पडलेला, माझ्याहून थोडा मोठा. व्हीलचेअरवरची म्हातारी त्याची आई. तिला त्याने भिंतीजवळ लावलं होतं.

‘ताय, आमचा पन तोच कार्ड हाय. परवा परत लावून दिलान आमाला. तुमी काय बोल्लात तिला?’

मी त्याला सांगितलं. आमदारांचं नाव सांगायचं, त्यांच्याकडून आलोय म्हणायचं, फोन झालाय म्हणायचं. आमदारांच्या माणसाचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये घालून दिला. तो नंबर माझ्याकडे होता, ताटवाल्यांकडे असतो.

तो घुटमळला. आवाज खाली आणला.

‘पन आमच्या घरावर दुसऱ्यांचा झेंडा हाय. बोटीवर पन हाय. गावात सगल्यांना म्हाईत हाय.’

‘इथे बोट दिसत नाही,’ मी म्हटलं. ‘विचारलं तर सांगू नका.’

‘आनि नंतर?’

‘नंतर काय?’

‘मत मागायला येतील ना ते. तवा?’

माझ्या पक्षासाठी आणि ज्या युतीसाठी मी अजून फिरणार होते तिच्यासाठी, त्या मुलाला मी काय सांगायला हवं होतं हे मला पाठ होतं. वाक्य एका श्वासाचं होतं. ते तोंडातून निघालं नाही.

‘आईला आत जाऊ दे आधी,’ मी म्हटलं.

तो आईकडे गेला, तिच्या कानात काहीतरी बोलला, खुर्ची ढकलत काउंटरपाशी आला. मुलीने वर न बघता विचारलं, ‘कोणाकडून?’ त्याने नाव घेतलं, जड आवाजात, नको असलेला घास गिळल्यासारखं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बरोबर बोललो का म्हणून.

मी हो म्हणून मान हलवली.